दुसरी कथा का लिहिली जात नाही?

दलित कथेची चर्चा आपल्याकडे नेहमी छापून आलेल्या कथेपासून सुरू होते. तिच्यातली वेदना, तिचा विद्रोह, तिची भाषा, तिची बांधिलकी यांवर परिसंवाद होतात, प्रबंध लिहिले जातात. पण जी कथा लिहिलीच गेली नाही, जी दोनशे पानी वहीच्या चौथ्या पानावर थांबली, तिच्याविषयी कोणी बोलत नाही. माझ्या मते नव्याने लिहू पाहणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न या न लिहिलेल्या कथेचा आहे. म्हणून या लेखात मी तिच्याविषयी लिहिणार आहे.

तीसेक वर्षे मी नगर जिल्ह्यात (२०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर) माध्यमिक शाळांत मराठी शिकवले. या काळात आमच्या वस्त्यांतली, वसतिगृहांतली, कॉलेजांतली कितीतरी मुले-मुली आपली वही घेऊन माझ्याकडे आली. पहिली कथा बहुतेकांची चांगली होती. काहींची तर इतकी चांगली, की ती मी पुन्हा पुन्हा वाचली. पण ‘आता दुसरी आण’ म्हटले की ती मुले दिसेनाशी व्हायची. बाजारात भेटली तर नजर चुकवायची. उत्तरे ठरलेली असत : ‘सर, वेळच मिळत नाही’, ‘घरात बसायला जागा नाही’, ‘सुचत नाही’, ‘लिहून तरी कोण छापणार?’ मी त्यांना आळशी म्हणू शकलो नाही. कारण माझी स्वतःची पहिली कथा कॉलेजात असताना छापली गेली आणि दुसरी लिहून व्हायला अकरा वर्षे लागली. तेव्हा हा उपदेश नाही. जे मला उशिरा कळले ते दुसऱ्यांना लवकर कळावे, एवढाच हेतू आहे.

या प्रश्नाला इतिहासही आहे. १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. १८५५ साली याच ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी ही मातंग समाजातली मुलगी तेव्हा अवघ्या चौदा वर्षांची होती. आपल्या लेखनाची परंपरा सांगताना आपण मोठ्या अभिमानाने तिथून सुरुवात करतो. पण तिचा तो एकच निबंध आपल्यापर्यंत पोचला. दुसरा पोचला नाही. एकदा लिहू लागलेला हात चालू राहण्यासाठी काय काय लागते, हा प्रश्न त्या एका निबंधाने तेव्हाच आपल्यापुढे मांडून ठेवला आहे.

पहिल्या कथेचे भांडवल

पहिली कथा लिहिताना आपल्याला फारसे कष्ट पडत नाहीत. ती वीस वर्षे आपल्या आत तयार होत असते. विहिरीवरून हाकललेली आई, शाळेत वेगळा बसवलेला भाऊ, खोली भाड्याने देण्याआधी आडनाव विचारणारा घरमालक. प्रसंग, माणसे, बोलणे सगळे पाठ असते. आपण फक्त बांध फोडायचा, पाणी आपसूक वाहते. ते वेगाने वाहते म्हणूनच वाचणाऱ्याला हलवून सोडते.

घोटाळा पुढे होतो. लिहिणे म्हणजे असेच असते असा आपला समज होतो. संताप दाटून आला की बसायचे आणि एका बैठकीत कथा पुरी करून उठायचे. मग आपण दुसऱ्यांदा दाटून येण्याची वाट पाहतो. संताप येतोही, आपल्या देशात त्याला तोटा नाही. पण तो पहिल्यासारखाच असतो. त्याच्या जोरावर लिहायला बसले तर पहिलीच कथा नाव-गाव बदलून पुन्हा उतरते. त्या अकरा वर्षांत मी अशा चार कथा सुरू केल्या. चारही कथांत एक आई होती, एक वाडा होता आणि वरून पाणी ओतणारा एक हात होता. चौथ्या वेळी तो हात लिहिताना मला कंटाळा आला. आपल्याच आईच्या अपमानाचा आपल्याला कंटाळा यावा याची इतकी लाज वाटली, की मी वही बंद करून ट्रंकेत टाकली.

ही लाज पुष्कळांच्या ओळखीची असेल. आपली जाणीव बोथट झाली, आपण मध्यमवर्गीय झालो, नोकरीने आपल्याला विकत घेतले, असे आरोप माणूस स्वतःवर करतो आणि लिहिणे सोडून देतो. त्यांत कधी तथ्य असेलही. पण बहुतेक वेळा कारण साधे असते. साठवण संपलेली असते आणि नवी साठवण कशी करायची हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते.

वेळ आणि जागा

लेखकाने रोज ठरावीक वेळी, ठरावीक टेबलाशी, शांततेत बसावे, असे सगळे सांगतात. सल्ला चुकीचा नाही. पण तो देणाऱ्याने टेबल, शांतता आणि रिकामी वेळ ही तिन्ही गृहीत धरलेली असतात.

आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्याचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रज सरकारने काँग्रेसच्या पुढाऱ्यांना तिथे आणून ठेवले. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा मोठा ग्रंथ तिथे १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहिला. मौलाना आझादांची ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रेही तिथलीच. त्यांच्या कैदेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण एक गोष्ट मनात येतेच : त्या तुरुंगात वेळ होती, कागद होता आणि अडले तर विचारायला विद्वान सोबती होते. ज्या माणसाला दिवसा मजुरी आणि रात्री दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे असतात, त्याला मोकळा असूनही ही सोय नाही. तेव्हा त्यांच्या पद्धतीने लिहिता येत नाही म्हणून आपण लेखकच नव्हे, असे समजण्याचे कारण नाही. आपली पद्धत आपल्याच माणसांकडून घ्यावी लागते.

ती आहे. बाबासाहेब विद्यार्थी असताना परळच्या चाळीत एका खोलीत सगळे कुटुंब राहत होते. वडील रामजी रात्री जागे राहत, दोन वाजता भीमरावांना अभ्यासाला उठवत आणि मग स्वतः आडवे होत, असे धनंजय कीरांनी चरित्रात लिहिले आहे. जागा एकच होती, ती पाळ्यांनी वापरली. यात मला बापाच्या प्रेमाइतकाच एक हिशेबही दिसतो. घर मोठे करता येत नसेल तर दिवसाचा असा तुकडा शोधायचा, की ज्या वेळी ते घर आपल्यापुरते रिकामे असते.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांना तेवढेही नव्हते. त्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले ते दुकानात बसल्या बसल्या, गिऱ्हाइकाच्या मधल्या वेळात. लिहिलेले कागद त्या घरच्यांपासून लपवून ठेवत. कित्येक वर्षे ते कागद तसेच पडून राहिले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. बाबुराव बागूल रेल्वेत नोकरी करत होते. यांतला एकही जण नोकरी संपण्याची, घर बांधून होण्याची, मुले मोठी होण्याची वाट पाहत थांबला नाही. थांबला असता तर त्याचे नाव आज आपल्याला ठाऊक नसते.

विद्यार्थिनींना इथे एक वेगळे सांगायला हवे. घरात मुलाने वही काढली तर ‘अभ्यास करतोय’ म्हणतात. मुलीने काढली तर ‘भांडी पडलीत’ म्हणतात. चळवळीतल्या घरांतही हे चालते आणि ते आपण कबूल केले पाहिजे. मुलीची लिहिण्याची वेळ घराने राखून दिली पाहिजे. ती जबाबदारी घरातल्या भावाची आणि बापाचीही आहे.

खडीचा ढीग

वेळ सापडली तरी तिच्यात किती लिहायचे, हा पुढचा प्रश्न. याचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नाही. ते आईकडून मिळाले.

१९७२ च्या दुष्काळात आमची आई सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. मी सात वर्षांचा होतो, पाठीमागून जायचो. सुकडी मिळायची म्हणून. फोडलेल्या खडीचा ढीग मोजून मजुरी होती. हजेरी लागली म्हणून पैसे मिळत नसत आणि बाईला आज बरे वाटत नाही म्हणून ढीग मोठा धरला जात नसे. मला आठवते ते असे, की आई सगळ्या दगडांकडे कधी बघत नसे. ती सकाळी आपल्यापुढे पाचसहा दगड ओढून घ्यायची. ते संपले की पुढचे पाचसहा. शेजारच्या बायका डोंगराएवढ्या राशीकडे बघून उसासे टाकत, तेव्हा ती म्हणायची, ‘त्याकडं कशाला बघती? म्होरचं फोड.’ आणि संध्याकाळी उठताना दोन दगड दुसऱ्या दिवसासाठी जागेवर मांडून ठेवायची. सकाळी आल्यावर काय करायचे याचा विचार करण्यात वेळ जायला नको म्हणून.

त्या मजुरीचा गौरव मला करायचा नाही. भुकेपायी करावे लागलेले ते काम होते आणि तिच्या हाताची सालटी मी पाहिली आहेत. पण कष्टकऱ्याला कामाविषयी जी अक्कल असते ती आपण लेखक झाल्यावर विसरतो. ‘कादंबरी लिहायची आहे’ म्हणून आपण सगळ्या राशीकडे बघत बसतो. मी पुन्हा लिहू लागलो तेव्हा तीन नियम केले. पहिला, रोज एक पान; बरे वाईट नंतर पाहू. दुसरा, त्या पानात एकच प्रसंग : दोन माणसे, एक जागा, एक देणेघेणे. तिसरा, प्रसंग पुरा करून उठायचे नाही. पुढचे वाक्य ठाऊक असताना उठायचे, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथूनच हात चालू होतो. शेतकरीही औत तासात उभे करून घरी येतो.

रोज एक पान म्हणजे महिन्याला तीस पाने. त्यांतली वीस फाडून टाकली तरी दहा उरतात आणि दहा पानांत एक कथा होते. मूडची वाट पाहत माझी अकरा वर्षे गेली. रोजच्या पानाने पहिल्या वर्षात पाच कथा झाल्या, त्यांतल्या दोन बऱ्या होत्या. कार्यकर्त्या मित्रांना रोज जमणार नाही हे मला समजते. मोर्चा, पोलीस स्टेशन, वसतिगृहाचा प्रश्न यांपुढे पान थांबते. त्यांनी आठवड्याचा हिशेब ठेवावा. पण हिशेब ठेवावा. खाडा पडला तर खाडा लिहावा, आणि खाड्याची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी तीन पाने लिहायला जाऊ नये. त्याने फक्त पुढचा खाडा जवळ येतो.

घरची गोष्ट चव्हाट्यावर

वेळ मिळाली, पान ठरले, तरी एका जागी हात अडतो. त्याविषयी आपण आपसांतही बोलत नाही. आपल्या कथेत येणारी माणसे आपल्या घरची असतात. आई वाचणार नाही, पण बहिणीचा नवरा वाचील. आत्याची गोष्ट लिहिली तर आत्याच्या मुलीचे लग्न मोडेल. शिवाय वस्तीतला दारूचा गुत्ता लिहिला तर कार्यकर्ते विचारतील, ‘आपलीच घाण धुवायला लोकांपुढे काढली का?’

या बाबतीत आमच्याच जिल्ह्यातल्या लेखकाकडे पाहावे. दया पवार हे अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. जन्म १९३५ चा. शिक्षण संगमनेरला, पोटासाठी नोकरी मुंबईत. १९७४ साली ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह आला आणि १९७८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ‘बलुतं’. गावचा महारवाडा, मुंबईचा कावाखाना, स्वतःचे मोडलेले लग्न, सगळे त्यात आले. प्रस्थापितांनी नाके मुरडली हे तर झालेच, पण आपल्यातल्याही काहींना ते रुचले नाही. हे सर्व होणार हे त्यांच्यासारख्या माणसाला आधी कळले नसेल असे नाही.

मग त्यांनी ते लिहिले कसे? पुस्तकाची बांधणी पाहिली तर एक वाट दिसते. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार बोलतो आणि लेखक दया पवार ऐकतो. दोघे एकच माणूस, तरी दोन. महारवाड्यात वाढलेला दगडू आणि नोकरीतला, लिहितावाचता, पांढरपेशा कपड्यांतला दया. पहिल्याला जे सांगायचे आहे ते दुसऱ्याला पुरते सहन होत नाही, आणि तरी तो ते ऐकून घेतो. ‘मी’ म्हणून जे जिभेवर येत नाही ते दुसऱ्याच्या तोंडून येते. हे आत्मकथन आहे, कथा नव्हे. पण कथाकाराला त्यातून शिकण्यासारखे फार आहे. हात अडला की विचारावे, ही गोष्ट ‘मी’ न सांगता कोण सांगू शकेल?

कथेला तर याहून मोठी मोकळीक आहे. आत्याला आत्या ठेवण्याचे बंधन नाही. तिचे गाव बदला, वय बदला, तिला दोन मुली असतील तर एक मुलगा द्या. त्या घटनेतले जे सत्य आहे ते आत्याच्या नावात नसते. ते ती उंबऱ्यावर का थांबली, यात असते. जी गोष्ट ओळखू आल्याने जिवंत माणसाचे नुकसान होईल ती तशीच्या तशी छापण्याचा हक्क आपल्याला नाही, असे मी मानतो. सत्य सांगण्याच्या आवेशात आपण आपल्यातल्याच दुबळ्या माणसाला, बहुधा बाईला, उघडे पाडतो. हे ध्यानात ठेवून लिहिले तर भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की पान पुढे सरकते.

मुकादमाची वही

माझी दुसरी कथा कशी झाली ते आता सांगतो, कारण या लेखाचा मुख्य मुद्दा त्यात आहे.

आमचा जिल्हा दोन जिल्ह्यांसारखा आहे. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचे पाणी आणि ऊस. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला झाली. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जतचा कोरडा मुलूख. तिथली माणसे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन बाहेर पडतात. ‘कोयता’ म्हणजे हत्यार, आणि ‘एक कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची.

शाळाबाह्य मुलांची नोंद करायला आम्हा शिक्षकांना एकदा अशा टोळीच्या तळावर पाठवले होते. कोप्यांसमोर मुकादम उभा होता आणि एका बाईला नको नको ते बोलत होता. तो आमच्याच समाजातला होता. माझे रक्त तापले. घरी जाऊन काय लिहायचे ते मी तिथेच ठरवून टाकले. पण नोंदी संपवून निघताना त्यानेच मला हाक मारली. ‘गुरुजी, जरा एवढी बेरीज बघता का?’ म्हणून एक मळकी वही पुढे केली. दोन कोयते उचल घेऊन पळाले होते. ते पैसे त्याने स्वतःच्या दोन एकरांवर कर्ज काढून दिले होते. त्याने तीन वेळा बेरीज केली होती आणि ती प्रत्येक वेळी वेगळी येत होती. मी केली. ती त्याच्या सगळ्यांत वाईट उत्तराहूनही वाईट आली. तो काही बोलला नाही. वही मिटून त्याने ती सदऱ्याच्या आत, पोटाशी ठेवली.

त्या रात्री मी जे लिहायचे ठरवले होते ते मला लिहिता येईना. त्याला माफ करता येत नव्हते. त्या बाईचा चेहरा समोर होता. पण तो मला पुरता कळलाही नव्हता. त्याची बायको कोयता चालवते का? तो झोपतो केव्हा? कारखान्याच्या माणसासमोर तो कसा उभा राहत असेल? मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यावेसे वाटत होते. म्हणून दुसऱ्या रविवारी मी पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी त्या बाईशी बोललो. अकरा वर्षांनी लिहिलेली कथा ती हीच. छापून आल्यावर एका जुन्या सहकाऱ्याने मला खडसावले, ‘तुम्ही शोषकाला माणूस केलेत.’ मी म्हटले, तो माणूस आहे म्हणूनच तर तो जबाबदार आहे. दगडाला कोण जाब विचारील? आमचे एकमत झाले नाही. आजही झालेले नाही.

त्या वेळी मला कळले ते असे. संतापाला निकाल आधीच ठाऊक असतो. म्हणून तो एकदा बोलतो आणि मोकळा होतो. माणसाला रोज वहीकडे ओढून आणते ती जिज्ञासा. जे आपल्याला अजून कळलेले नाही ते कळून घेण्याची भूक. संताप सोडावा असे मी म्हणत नाही. त्याच्याशिवाय आपण कोणाकडे बघायचे आणि कोणाच्या बाजूने उभे राहायचे हेच ठरणार नाही. पण संतापाच्या जोडीला कुतूहल नसेल तर दुसरी कथा येत नाही. बागूलांकडे पाहा. १९६३ सालच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’च्या शीर्षककथेत जात लपवून राहणाऱ्या माणसाची घुसमट आहे. सहा वर्षांनी ‘मरण स्वस्त होत आहे’ आले तेव्हा ते मुंबईच्या झोपडपट्टीतल्या नाना माणसांच्या आयुष्यात शिरलेले दिसतात. त्यांची साठवण संपली नाही, कारण ते दुसऱ्यांची घरे पाहत राहिले.

आमच्या जिल्ह्यात या कामाची किती गरज आहे हे सांगायला एकच गाव पुरे. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्डा इथे सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. निषेध आपण केला, मोर्चे काढले आणि ते काढलेच पाहिजेत. पण साक्षीदार फिरतो म्हणजे काय होते? तो कोणाच्या शेतावर जातो, कोणाच्या दुकानात त्याची उधारी असते, त्याची बायको त्या रात्री त्याच्याशी बोलते का? कोर्टाच्या कागदांत याला जागा नाही. मोर्चाच्या घोषणेतही नाही. त्या विशिष्ट माणसांवर आरोप न करता, साक्ष देणे आणि गिळणे याची आतली रीत उलगडून दाखवण्याचे काम कथाच करू शकते. हे काम पडून आहे. ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्याने आपल्या तालुक्याच्या बसस्टँडवर एक दिवस बसून यावे.

ऐकणारा माणूस

शेवटचा अडथळा ‘कोण छापणार?’ हा. त्याचा विचार करताना मला आंबेडकरी जलसे आठवतात. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांसारखे शाहीर गावोगाव जलसा घेऊन जात. उद्या कोणत्या गावात कार्यक्रम आहे हे ठरलेले असे, आणि त्या गावातली माणसे वाट पाहत. मग गाणे जुळलेच पाहिजे. खुद्द बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारता’चे चोवीस चोवीस रकाने एकट्याने लिहून काढले ते अंक निघायचा होता म्हणून. कोणी तरी वाट पाहते आहे, ही जाणीव लिहिणाऱ्याला बसते करते. नव्या लेखकाची कोणीच वाट पाहत नसते, हे त्याचे खरे दारिद्र्य आहे.

ते दूर करणे आपल्या हातात आहे. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवला तेव्हा लेखक-वाचकांचे मेळावेही भरवले, हे आपण विसरू नये. नियतकालिक छापते, मेळावा ऐकतो. आपल्या गावी चार-पाच जणांनी महिन्यातून एका रविवारी विहारात, शाळेच्या वर्गात किंवा कोणाच्या ओट्यावर जमावे. प्रत्येकाने आपली पाने मोठ्याने वाचावीत. त्यात लिहिणारेच असावेत असे नाही. एखादी भाजी विकणारी बाई, एखादा निवृत्त कंडक्टर जरूर असावा. ‘छान आहे’ असे म्हणण्याला बंदी असावी. कुठे कळले नाही आणि कुठे कंटाळा आला एवढेच सांगावे. आमच्याकडे एकदा एका आजीने एका मुलाची कथा ऐकून विचारले, ‘ती पोरगी रडती रडती म्हनतोस, पन त्या दिशी चूल कुनी पेटवली?’ त्या एका प्रश्नाने त्याची कथा उभी राहिली.

आज मोबाईलवर लिहिलेले लगेच शंभर जणांकडे जाते आणि तासाभरात शंभर अंगठे मिळतात. कविता-घोषणेला ते ठीक आहे. कथा मात्र त्या अंगठ्यांनी कच्ची राहते, कारण कौतुक आधी मिळाले की दुसऱ्यांदा लिहिण्याचे कष्ट नकोसे होतात. लिहायला मोबाईल जरूर वापरा. बसमध्ये, फडावर, पाळी संपल्यावर तोच आपला कागद आहे. पण कथा महिनाभर कोणाला पाठवू नका.

आणि परत आलेल्या कथेविषयी. माझी एक कथा एका संपादकांनी ‘भाषा प्रमाण नाही’ म्हणून परत केली होती; दुसऱ्यांनी ‘विद्रोह कमी आहे’ म्हणून. दोन्ही पत्रे मी ठेवली आहेत. संपादक कधी चुकतो, कधी बरोबर असतो. पण कथा परत येईल त्या दिवशी दुसरीचे पान चालू असले पाहिजे. म्हणजे परत आलेले पाकीट फक्त पाकीट राहते, निकाल होत नाही.

माझ्याकडे अजून वह्या येतात. मी आता पहिली कथा वाचून पूर्वीसारखी शाबासकी देत नाही. मी विचारतो, ‘तुला न कळलेला माणूस कोण आहे?’ बहुतेक जण गोंधळतात. मागच्या हिवाळ्यात बारावीतल्या एका मुलीने मात्र जरा थांबून उत्तर दिले, ‘माझी आई. बापानं मारलं तरी ती त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवते.’ मी म्हटले, ‘मग आज रात्री ती भाकरी झाकते तेवढेच लिही. एक पान.’

पुढच्या रविवारी तिने दोन पाने आणली. दुसरे पान भाकरीचे नव्हतेच. ते बापाचे होते.